पांढऱ्या कुर्तीवरचा लाल स्टिकर

बायकांच्या कपड्यांच्या दुकानात बसलेल्या पुरुषाने नजर नेमकी कुठे ठेवावी, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही. समोर बघितलं तर गिऱ्हाईक बिचकतं. खाली बघितलं तर त्याला वाटतं दुकानदार पेंगतोय. मोबाइलमध्ये बघितलं तर बायको बघते. राहता राहिला वरचा पंखा. त्यामुळे आमच्या दुकानातल्या पंख्याच्या एका पात्याला गंज चढलाय, ही गोष्ट अख्ख्या पिंपळे सौदागरात फक्त मला माहीत आहे.

दुकान माझं नाही, बायकोचं आहे. हे ती नव्या माणसाला पहिल्याच वाक्यात सांगते, तेव्हा मीही सांगून मोकळा होतो. दुकानात लेगिंग्ज आणि कुर्त्या मिळतात, बाकी काही नाही. मी एकदा सुचवलं होतं की सोबत रुमाल, मोजे वगैरे ठेवूया, तर म्हणाली, "तुम्हाला मोजे विकायचे असतील तर बाहेर फुटपाथवर बसा." गाळा भाड्याचा आहे. मालकीण गावठाणातल्या जुन्या घराण्यातली, सगळे तिला आक्का म्हणतात. गाळ्याचा करार दिवाळीनंतर नव्याने व्हायचा होता आणि तो व्हावा म्हणून बायको आक्काला चहा पाजल्याशिवाय दुकानासमोरून जाऊ देत नसे.

मी मूळचा या धंद्यातला नाही. माझी उभी हयात चाकणच्या पुढे एका कंपनीत गेली, शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. गाड्यांचे पार्ट लाइनवरून यायचे, मी मापून बघायचो, डोळ्याखालून घालायचो. चांगला असला तर हिरवा स्टिकर, खोट असली तर लाल. हिरवा पुढे जायचा, लाल मागच्या पेटीत. दिवसभर एवढंच. लोकांना ते कंटाळवाणं वाटायचं, मला नाही. आपण हो म्हटल्याशिवाय पुढे काही जात नाही, ही भावना माणसाला टेबलाला चिकटवून ठेवते.

मग कंपनीने आमची लाइन उचलून दुसऱ्या राज्यात नेली. ज्यांना जायचं नव्हतं त्यांना व्हीआरएस. मी घेतली आणि घरी बसलो. सुरुवातीला मजा वाटली. पुढे पुढे माझ्या डोळ्यांना काम मिळेना, तेव्हा ते घरातच काम शोधायला लागले. भिंतीवरचं घड्याळ तिरकं आहे. शेजाऱ्यांची नावाची पाटी तिरकी आहे. एक दिवस मी पोळी उजेडात धरून म्हणालो, "ही एका बाजूने जाड झालीय." बायकोने शांतपणे लाटणं माझ्या हातात दिलं. त्या दिवशी आम्ही दोघांनी भात खाल्ला.

"उद्यापासून तुम्ही दुकानात चला," ती म्हणाली. "घरात राहिलात तर एक तर तुम्ही राहाल, नाही तर मी."

अटी मात्र कडक होत्या. काउंटरवर बसायचं, पैसे घ्यायचे, पिशवी द्यायची. कुठल्याही गिऱ्हाइकाला मत द्यायचं नाही. कुणी अंगावर घालून विचारलंच, तर एकच शब्द बोलायचा, छान. दसऱ्यापर्यंत जमलं तर काउंटर माझा. नाही जमलं तर सोसायटीचा कट्टा मोकळाच आहे.

त्या कट्ट्याविषयी सांगायला हवं. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी सिमेंटचा बाक आहे. तिथे माझ्यासारखेच कंपन्यांतून सुटलेले पाच-सहा जण संध्याकाळी बसतात. माणसं चांगली आहेत. पण ते शुगर आणि पार्किंग सोडून तिसऱ्या विषयावर बोलत नाहीत आणि एकदा तिथे बसलेला माणूस परत कुठे कामाला गेल्याचं मी पाहिलेलं नाही. हसू नका, मला त्या बाकाची खरोखर धास्ती होती. रात्री स्वप्नात तो बाक यायचा आणि त्यावर माझ्यापुरती जागा पुसून ठेवलेली असायची.

म्हणून मी दुकानात तोंड बंद ठेवलं. दुकानात न बोलणारे आम्ही दोघेच, एक मी आणि दुसरा दारातला पुतळा. त्याला डोकं नव्हतं, एवढाच काय तो फरक, आणि बायकोच्या मते तोही नव्हता.

काम मात्र मी शोधून काढलं. माल पिंपरी कॅम्पातल्या ठोक व्यापाऱ्याकडून गठ्ठ्याने यायचा आणि त्यात हटकून चार पीस उसवलेले, डागाळलेले निघायचे. मी भोसरीतून स्टिकरची दोन रिळं आणली, अगदी कंपनीत असायची तशीच. हिरव्यावर 'ओके', लालवर 'रिजेक्टेड'. गठ्ठा आला की मी काउंटरवर कुर्ती पसरायचो, शिवण ओढून बघायचो. लेगिंग मुठीवर ताणून ट्यूबलाइटसमोर धरायचो. बोटांची पेरं दिसली की माल परत. स्टिकर नेहमी एकाच जागी लावायचा, पाठीवर, गळ्याखाली चार बोटं. व्यापारी वैतागला, पण बायको पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. दुकानात आल्यापासूनची ती माझी पहिली कमाई.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मला शिकवायची. पुतळ्याला एक गडद लेगिंग चढवायची आणि वर एकामागून एक कुर्त्या.

"नीट बघा. लेगिंग हा बोलायचा कपडा नाही, ऐकायचा आहे. बोलायचं ते कुर्तीने. दोन्ही बोलायला लागल्या की भांडण."

मी मान डोलावली. न बोलण्याचं महत्त्व मला नव्याने पटत होतंच.

"कुर्ती जिथे संपते तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. म्हणून ती अंगाच्या सगळ्यात रुंद जागी संपू द्यायची नाही. एक तर त्याच्या वर, नाही तर चांगली खाली. बुटक्या बाईला वरखाली एकाच रंगाचं द्यायचं, म्हणजे ती उंच दिसते. वर एक, खाली दुसरं केलं की ती मधोमध कापली जाते. बाजूचा कट फार वरून सुरू झाला तर चालताना पडदा उघडल्यासारखा होतो."

"आणि हे गिऱ्हाइकाला सांगायचं कसं?"

"तुम्ही सांगायचंच नाही."

ती कशी सांगायची ते ऐकण्यासारखं होतं. ती कधी कुणाला जाड म्हणाली नाही, बुटकी म्हणाली नाही. घातलेली कुर्ती वाईट दिसली की ती कुर्तीलाच बोल लावायची. "ही तुमच्या रंगावर अन्याय करते हो." "ही हँगरवरच राहू दे, हिला तिथेच करमतं." बाई हसत हसत आत जायची आणि दुसरी घालून यायची. मला वाटायचं, कंपनीत आमच्या साहेबांनी हिच्याकडे चार दिवस शिकवणी लावली असती तर संप तरी झाले नसते.

नवरात्र आलं. आमच्याकडे नवरात्रात रोजचा एक रंग ठरलेला असतो. त्या दिवशी बँकेतल्या, शाळेतल्या, कंपनीतल्या बाया, सगळ्या त्याच रंगात. लेगिंग-कुर्तीच्या दुकानाला हे नऊ दिवस म्हणजे सुगी. पांढऱ्या रंगाच्या आदल्या दिवसापर्यंत आमच्याकडचा पांढरा माल जवळजवळ संपला होता, आणि त्या दिवशी दुपारी बायको सांगवीच्या टेलरमास्टरांकडे कुर्त्यांच्या बाह्या जोडून घ्यायला गेली. जाताना दारातून म्हणाली, "लक्षात आहे ना?"

"छान," मी म्हणालो.

ती गेली आणि आक्का आली.

आक्का साठीची, ठेंगणी, भरभक्कम बांध्याची. अंगावर कायम सहावारी पातळ, गळ्यात बोरमाळ, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला रिक्षावाला वळून बघतो. त्या दिवशी ती आल्या आल्या खुर्चीत बसली नाही, थेट मांडणीपाशी गेली.

"मला त्ये तंगड्याचं दाखवा."

"लेगिंग?"

"त्येच. नात मला स्कूटी शिकवतीय. पदर चाकात जातोय सारखा, परवा देवानं वाचवलं. रावेतला भाऊ हाय माझा. त्याच्याकडं जायचं तर कुनीतरी सोडायला पायजे, कुनाला तरी येळ पायजे. आता मी माझी जानार. आन उद्या पांढरा हाय नव्हं, तर उद्या आरतीलाच घालते. बगू दे समद्यांनी."

माल संपल्यातच जमा होता. व्यापाऱ्याकडे परत जायची राहिलेली एक पांढरी लेगिंग आणि एक आखूड पांढरी कुर्ती, तिच्यावर चकचकीत टिकल्या, घेऊन ती पडद्याआड गेली. मी पंख्याकडे बघत बसलो. पडदा सरकला.

"काय वो, कसं दिसतंय?"

मी बघितलं. माझ्या डोळ्यांनी त्यांचं काम माझ्या परवानगीशिवाय केलं. कुर्ती नेमकी जिथे संपू नये तिथे संपली होती. बाजूचे कट कमरेपासूनच सुटले होते. आणि लेगिंग इतकी पातळ की आक्काने गुडघ्याला घातलेला पट्टा आरपार दिसत होता, त्यावरच्या छापील अक्षरांसकट. पण मला दसरा दिसत होता आणि दसऱ्याच्या मागे तो सिमेंटचा बाक.

"छान," मी म्हणालो.

"छान म्हंजी?"

"छान म्हणजे… छानच."

"मंग बांदा," आक्का म्हणाली आणि खुशीत कपडे बदलून आली. मी कुर्ती काउंटरवर पसरली, घडी घातली, पिशवीत भरली. ती गेली तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. जन्मात पहिल्यांदा मी सदोष माल अडवला नव्हता. बायको आल्यावर मी तिला सांगितलंसुद्धा, "आक्का येऊन गेली. काही बोललो नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको गावठाणातल्या देवीच्या आरतीला गेली. तिथे काय घडलं ते मी तिच्याकडून ऐकलं. नंतर तेच आणखी बऱ्याच जणींकडून ऐकलं, कारण ते बघायचं राहिलेलं असं गावात कुणी नव्हतंच.

आक्का पांढऱ्याशुभ्र पोशाखात सगळ्यांच्या पुढे उभी होती. बायको तिच्या मागे दोन रांगा सोडून. बायकोला आक्काच्या पाठीवर, गळ्याखाली चार बोटं, काहीतरी लाल दिसलं. आधी तिला वाटलं नक्षी असेल. मग नक्षीवर अक्षरं दिसली. मग अक्षरं वाचता आली. तोवर तिच्या आजूबाजूच्या बायकांनाही वाचता आली होती, आणि पदर तोंडाला लागायला सुरुवात झाली होती.

बायको टाळ्या वाजवत वाजवत पुढे सरकली. हात लांब करून ती स्टिकर काढणार, तोच पुजाऱ्याने आक्काला बोलावलं. आरतीचं ताट धरण्याचा मान तिच्या घराण्याचा. आक्का चार पायऱ्या चढून वर गेली, देवीकडे तोंड करून आणि साऱ्या गावाकडे पाठ करून उभी राहिली. पांढरी लेगिंग, पांढरी कुर्ती, आणि मधोमध लाल भडक 'रिजेक्टेड'. त्या दिवशी आरत्या म्हणणाऱ्यांना असा काही जोर चढला होता की एक संपली की दुसरी सुरू. शेवटी प्रसादाच्या वेळी आक्काच्या सुनेने स्टिकर काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

बायको घरी आली तेव्हा मी दिवे लावत होतो. तिने सगळं सांगितलं. मी शपथेवर सांगितलं की मी नाही लावला. मग मला आठवलं. मी कुर्ती पसरली होती, डोळ्यांनी तिला नापास केलं होतं, आणि घडी घालताना हाताने त्याचं नेहमीचं काम केलं होतं. तोंड छान म्हणत होतं आणि हात रिळाकडे जात होता. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दुकानातून आणलेली स्टिकरची दोन्ही रिळं पर्समधून काढली, माझ्यासमोर धरली आणि परत पर्समध्ये टाकली.

"करार दिवाळीनंतर आहे," ती म्हणाली. "गाळा गेला तर मी कुठे जाऊ? एवढं एक माझं होतं."

तिचे डोळे भरले होते. मला बाकाची भीती वाटत होती ना, ती त्या क्षणी कुठल्या कुठे गेली. मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की ते सांगायला 'छान'सारखा एकही तयार शब्द माझ्याकडे नव्हता.

"उद्यापासून तुम्ही येऊ नका," ती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी मी गेलो. हात दाखवून अवलक्षण माझ्या हाताने केलं होतं, तेव्हा बोलणी तिने एकटीने का खावीत? ती शटर उघडत होती. माझ्याकडे बघितलं नाही, पण जा असंही म्हणाली नाही. थोड्याच वेळात आक्का आली. नेहमीच्या पातळात, हातात पिशवी. चहा नको म्हणाली. पिशवीतून कुर्ती काढून काउंटरवर टाकली आणि शेजारी तो स्टिकर चिकटवला.

"ह्ये काय हाय?"

"आक्का, ते कुर्तीला लावलं होतं," मी म्हणालो.

"कुर्ती माझ्या अंगात व्हती नव्हं? आमी काय रिजेक माल हाय? समद्या गावानं बघितलं, देवीनं बी बघितलं आसंल!"

"आक्का, यांचं डोकं—" बायको म्हणायला लागली.

"तू थांब गं पोरी. ह्यांना इचारते मी." आक्का माझ्याकडे वळली. "रिजेक व्हतं तर तोंडानं छान कशापायी म्हनला?"

आता पंख्याकडे बघून भागणार नव्हतं. "आक्का, तोंडाला हिने बांधून ठेवलं होतं," मी म्हणालो. "हाताला सांगायचं राहून गेलं."

बायकोने डोळे मिटले. मला वाटलं, आता थांबलो तर संपलोच, म्हणून मी बोलत सुटलो. "कंपनीत आमच्याकडे पार्ट यायचे. एखादा गाडीला बसला नाही तर आम्ही गाडीला कधी नाव ठेवलं नाही. लाल स्टिकर पार्टला. गाडी आहे तिथेच राहते, आपण दुसरा पार्ट काढतो. तुम्हाला कोण रिजेक्ट करणार? मी कुर्तीला केलं होतं. ती तुम्हाला बसत नव्हती."

आक्का माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजी मी गाडी?"

पुतळासुद्धा माझ्याकडे बघतोय असं मला वाटलं.

"कंची गाडी?" आक्काने विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर टेम्पो आला, ट्रॅक्टर आला, उसाची ट्रॉली आली. एकेक खरी आणि एकेक जिवावर बेतणारी. बायकोने काउंटरखालून माझ्या पायावर पाय दिला.

"लग्नाची," मी म्हणालो. "फुलं लावलेली."

आक्काचा चेहरा तसाच राहिला. मग बोरमाळ हलायला लागली. मग खांदे. मग ती असं हसली की समोरचा मोबाइलवाला दारात येऊन उभा राहिला. ती खुर्चीत बसली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चहा सांग गं. आन तुमी, बसंल आसा पार्ट काढा. तोंड उगडं ठिवून."

पुढची सगळी सकाळ आम्ही दोघांनी आक्कासाठी खर्च केली. बायको कुर्त्या काढायची, आक्का घालून यायची, आणि मी, आयुष्यभर जे केलं तेच, खरं सांगायचो. "ही कमरेत ओढते." "ही बरी आहे, पण फुलं फार मोठी, बाग चालत आल्यासारखी वाटते." पहिल्या दोन वेळा बायकोने दात आवळले. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे बघितलं आणि तीच म्हणाली, "बाही पण आखूड आहे, नाही का?" तेव्हापासून आम्ही दोघं मिळून बघायला लागलो. आक्का एक माप लहान मागत होती, तर बायको म्हणाली, "आक्का, नंबर आतल्या बाजूला असतो. बाहेर कुणाला दिसत नाही. ताणलेलं मात्र सगळ्यांना दिसतं."

शेवटी गडद हिरवी निघाली. साधी, सरळ, गुडघ्याच्या खाली चार बोटं संपणारी. कट खालून सुरू होणारा. गळा त्रिकोणी, म्हणजे बोरमाळेला जागा. खाली तशाच रंगाची, पण अर्धी छटा गडद आणि चांगली जाडसर लेगिंग, घोट्यावर चुण्या पडतील एवढी लांब. मी ती आधी मुठीवर ताणून ट्यूबलाइटसमोर धरली. एक पेर दिसलं नाही.

पडदा सरकला. आक्का आरशासमोर उभी राहिली. या खेपेला तिने आम्हाला कसं दिसतंय असं विचारलंच नाही. ती डावीकडून बघत होती, उजवीकडून बघत होती. मग तिने एक पाय पुढे टाकला, स्कूटीवर बसताना टाकतात तसा.

"मला पाय हायत की गं," ती हळू आवाजात म्हणाली. आक्काचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "इतकी वर्सं पातळात कळलंच न्हाई."

बायकोने तिचा मागचा गळा सरळ केला. मी पिशवी शोधायला खाली वाकलो.

आक्का गेली. करारावर ती एक शब्द बोलली नाही आणि बायको माझ्यावर. स्टिकरची रिळं पर्समध्येच राहिली. मी रोज दुकानात यायचो, ती येऊ नका म्हणायची नाही, पण या म्हणाल्याचंही मला आठवत नाही.

खंडेनवमी उजाडली. इकडच्या कारखान्यांत या दिवसाला सणासुदीपेक्षा मान. मशिनी धुऊनपुसून झेंडूची माळ घालायची, हत्यारांना हळदकुंकू लावायचं. त्या एका दिवशी घरच्यांना गेटच्या आत सोडायचे. बायको दर वर्षी नवी साडी नेसून यायची, माझ्या टेबलाला कुंकू लावायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "एवढंसंच टेबल?" मला ते फार आवडायचं. यंदा मी सकाळी अंघोळ करून पलंगाच्या कडेला बसून राहिलो. आज माझ्याकडे पुजायला काहीच नव्हतं. ज्याला हत्यार नाही त्याने खंडेनवमीला करायचं काय?

"बसून काय राहिलात?" बायको दारातून म्हणाली. "नवा शर्ट घाला. दुकानात पूजा आहे." आणि निघताना तिने माझी कॉलर सरळ केली, पाठीवरून हात फिरवला. इतक्या प्रेमाने तिने गेल्या कित्येक वर्षांत माझ्या पाठीवरून हात फिरवला नव्हता, त्यामुळे मी जरा घाबरलोच.

दुकानात पाटावर तिने मांडामांड केली. टेप, कात्री, इस्त्री, हँगरांची जुडी. पुतळ्याच्या गळ्यात माळ, त्याला गळाच तेवढा असल्याने ती चांगली बसली. मी बाजूला उभा राहून बघत होतो. तिने पर्स उघडली. टेप आणि कात्रीच्या मध्ये दोन रिळं ठेवली, एक हिरवं, एक लाल. दोन्हींना हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. मी नमस्कार केला, तो पाटाला केला की तिला, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. आक्का स्कूटीवरून आली होती, एकटी. अंगात तीच हिरवी कुर्ती, हँडलला झेंडूची माळ. तिने स्कूटी बरोबर आमच्या शटरच्या आडवी लावली, कुणाला सरळ आत येताच येणार नाही अशी.

"रावेतला जाऊन आले," ती म्हणाली. "भाऊ दारात हुबा. कोन आलंय त्ये त्याला वळकंनाच." मग बायकोकडे वळून म्हणाली, "करार दिवाळीच्या आधी करून टाकू. पर ह्यांना काउंटरवरनं काढलंस, तर गाळा बी काढून घेईन."

प्रसाद घ्यायला गिऱ्हाइकं स्कूटीला वळसा घालून येत गेली. मी पेढे वाटत होतो. प्रत्येक बाई पेढा घ्यायची, माझ्या मागून पुढे जायची आणि हसायची. आक्काही हसत होती. मी बायकोला विचारलं, तर म्हणाली, "मला काय माहीत?"

"आवो," आक्का म्हणाली, "जरा आरशाकडं पाठ करा."

मी ट्रायलच्या आरशासमोर गेलो आणि मान वळवली. नव्या शर्टावर, गळ्याखाली चार बोटं, अगदी सरळ लावलेला हिरवा स्टिकर होता. मी वळून बायकोकडे बघितलं. ती वर पंख्याकडे बघत होती.

पडद्याआडून कॉलेजची एक मुलगी बाहेर आली. लाल लेगिंगवर आखूड पिवळी कुर्ती घातलेली. दुकानभर नजर फिरवून ती माझ्यापाशी थांबली. "काका, कशी दिसतेय?"

मी बायकोकडे बघितलं. तिने पंख्यावरची नजर काढली नाही.

"आखूड आहे," मी म्हणालो. "थांब, दुसरी काढतो."